तोंगसाहेबांच्या काळजीचा चोथा

तोंगसाहेबांना झोप येत नाही ही गोष्ट कुणालाही कळू द्यायची नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. बावीस नंबरच्या इमारतीतली चोवीस बिऱ्हाडंही त्यांना या कामी मनापासून मदत करत होती. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं, पण तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

झोप उडण्याचं कारण तसं मानाचं होतं. इमारतीच्या दारावर सहा वर्षं एक पितळी पाटी होती : ‘आदर्श स्वच्छ इमारत’. तोंगसाहेब या इमारतीचे प्रमुख. पगार नाही, खुर्ची नाही. दंडाला बांधायची एक लाल पट्टी तेवढी मिळते, आणि तीही स्वतःच धुवायची. पण चौतीस वर्षं थर्मासच्या कारखान्यात झाकणं तपासून निवृत्त झालेल्या माणसाला तपासायला काहीतरी लागतंच. तोंगसाहेबांनी इमारतीच्या कचऱ्याचे डबे तपासायला घेतले आणि सहा वर्षांत आमच्या वस्तीत केळ्याची एकही साल चुकीच्या डब्यात गेली नाही. पेइफेनबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, “लग्नात माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं असतंस तर बरं झालं असतं.”

तर या वर्षी पत्र आलं. एकोणीस मे रोजी जिल्ह्याचं तपासणी पथक येणार, सगळ्या पाट्यांचा फेरविचार होणार. त्या दिवसापासून तोंगसाहेबांचा डोळा लागेना. पडल्या पडल्या त्यांना सुक्या कचऱ्यात ओलं नूडल दिसायचं. पहाटे उठून ते डब्यांची झाकणं बघून यायचे. त्यातून शेजारी पेइफेनबाई असं दणदणीत घोरायच्या की खिडकीची काच थरथरायची. शेवटी तोंगसाहेब एकदा भाताच्या वाडग्यात मीठ समजून साखर घालून शांतपणे जेवले, तेव्हा बाईंनी त्यांना दंडाला धरून यान वैद्यांकडे नेलं.

यान वैद्य सत्तरीच्या पुढचे. त्यांनी तोंगसाहेबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि समोरच्या कॅलेंडरकडे इतका वेळ पाहत राहिले की त्यांना झोप लागली असावी असं तोंगसाहेबांना वाटलं. त्यांना वैद्यांचा हेवा वाटला.

“जीभ,” वैद्य म्हणाले. “आणखी बाहेर. हं. कडेला दातांचे ठसे आहेत. काळजी फार करता.”

“छे छे, मी कशाला करू?”

“तुमची जीभ वेगळंच सांगतेय. यकृत तुंबलंय तुमचं. आत वाफ कोंडलीय, तिला बाहेर पडायला वाट नाही, ती जाऊन प्लीहेच्या बोकांडी बसलीय. काय काम करत होता?”

“थर्मासची झाकणं तपासायचो. वाफ बाहेर पडता कामा नये, हे बघायचं.”

“तरीच,” वैद्य म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

सात दिवसांच्या सात पुड्या मिळाल्या. त्यात आंबट बोरांच्या आतल्या बिया, ज्येष्ठमध, पोचट गहू, लाल खजुरासारखी सुकी बोरं, मन प्रसन्न व्हावं म्हणून शिरीषाची साल आणि उधळलेला जीव खाली बसावा म्हणून शिंपल्यांचे चांगले मूठभर तुकडे. मातीच्या भांड्यात भिजवायचं, दोनदा उकळायचं, दोन्ही काढे एकत्र करून सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. मुळा वर्ज्य, चहा वर्ज्य आणि चिडायचं नाही.

“पहिली दोन बंद केलीत तर तिसरं कसं व्हायचं?” पेइफेनबाईंनी विचारलं. तोंगसाहेब चाळीस वर्षं एकाच काचेच्या बरणीतून चहा पीत आले होते.

निघताना वैद्यांनी दोन्ही कानांवर चिकटपट्टीने बारीक बारीक काळ्या बिया लावून दिल्या. काळजी वाटली की दाबायच्या. तोंगसाहेब आज्ञाधारक. संध्याकाळपर्यंत त्यांनी कान इतके दाबले की ते टोमॅटोसारखे लाल झाले, आणि लोकांना दिसू नयेत म्हणून ऐन मे महिन्यात त्यांना कानटोपी घालावी लागली. लोकांना मग कान दिसले नाहीत, टोपी दिसली.

काढ्याचा वास तर पहिल्याच दिवशी जिन्यावरून सहाव्या मजल्यापर्यंत जाऊन आला. तोंगसाहेबांनी सांगून टाकलं की एका मित्राला झोपेचा त्रास आहे, त्याच्याकडे गॅस नाही, म्हणून त्याचं औषध आमच्याकडे उकळतो. लोक भले. तिसऱ्या मजल्यावरच्या कू मावशी म्हणाल्या, “तुमच्या मित्राला म्हणावं, झोपताना कढत पाण्यात पाय सोडून बस.” तळमजल्यावरचे शू मास्तर, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, म्हणाले, “तुमच्या मित्राला सांगा, रोज शंभर वेळा डोक्यावरून फणी फिरव.” आणि तोंगसाहेबांच्या टोपीकडे पाहून पुढे म्हणाले, “टोपी काढून.”

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो चोथ्याचा. रोज भांड्याच्या तळाशी वाडगाभर चोथा उरायचा. तो कुठे टाकायचा? आता तोंगसाहेबांसारख्या अधिकारी माणसाला हा प्रश्न पडू नये. पण चोथ्यात साली होत्या आणि शिंपलेही होते. डबे सकाळी सात ते नऊ उघडतात आणि त्या वेळी तिथे स्वयंसेविका म्हणून लाल पट्टी बांधून, हातात चिमटा घेऊन कू मावशी उभ्या असतात. तोंगसाहेबांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“साल, बिया, गवत ओल्यात,” कू मावशी म्हणाल्या. “शिंपले सुक्यात. नियम तुम्हीच पाठ करून घेतलात आमच्याकडून, प्रमुखसाहेब. तुमच्या मित्राला म्हणावं, इथे घेऊन ये, आपण सगळे मिळून निवडू.”

आपली काळजी चार जणांत मांडून, चिमट्याने निवडून, दोन डब्यांत भरायची! तोंगसाहेबांनी काढता पाय घेतला. घरी येऊन त्यांनी पेइफेनबाईंना सांगितलं, तर त्या उलट त्यांच्यावरच उखडल्या.

“डब्यात? अरे म्हाताऱ्या, डब्यात टाकलास तर रोग कुठे जाणार? औषध निम्मं पोटात काम करतं, निम्मं रस्त्यावर. चोथा वाटेत टाकायचा. येणारे-जाणारे तुडवतात आणि रोग पायाबरोबर घेऊन जातात. माझ्या बापाचा खोकला आईने पुलाच्या तोंडाशी टाकला होता. एका बदकवाल्याने नेला चार दिवसांत.”

“बदकवाल्याचं काय झालं मग?”

“ते आपल्याला काय ठाऊक? परगावचा होता.”

“अगं, पण मी इमारतीचा प्रमुख! मी रस्त्यात कचरा टाकू?”

“हा कचरा आहे होय? उतारा आहे हा. बघ बाबा. पाटी पाहिजे की झोप पाहिजे?”

तोंगसाहेबांना दोन्ही पाहिजे होतं. माणूस इथेच फसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून ते खाली उतरले. फाटकाच्या आत जिथे वाट दोन्हीकडे फुटते, तिथे त्यांनी वाडगा पालथा केला आणि असे पळाले की त्या वेळची नाडी यान वैद्यांना तीन बोटांत मावली नसती. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून ते वाट पाहू लागले. कोण नेतंय?

कुणीही नेईना. चोथा म्हणजे काय, हे वस्तीतल्या लहानथोर सगळ्यांना आईच्या दुधातून कळलेलं. पार्सलवाला स्कूटरवरून आला; हा इसम माणसं पाहूनही वेग कमी करत नाही, पण चोथा पाहून त्याने सुरेख वळण घेतलं. कू मावशींनी आपल्या कुत्र्याला उचलून कडेवर घेतलं. शू मास्तर थांबले, वाकले, चष्मा सारखा केला, ‘अंधश्रद्धा!’ असं मोठ्याने म्हणाले आणि कुंपणाला पाठ घासत पलीकडे गेले. दुपारपर्यंत तिथे एक नवी पायवाट तयार झाली. चोथा मधोमध जसाच्या तसा, त्यातला एक गहूही हलला नव्हता.

असे तीन दिवस गेले. आपला रोग फुकटसुद्धा कुणी घेत नाही, हे तोंगसाहेबांना फार लागलं. सहा वर्षं या लोकांसाठी डबे उपसले आणि वेळेला एक पाय कुणी पुढे करत नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

चौथ्या दिवशी ते खिडकीत थांबलेच नाहीत. सातला डबे उघडायला गेले आणि जागीच थबकले. चोथा तुडवलेला होता. नुसता पाय पडलेला नव्हता, चांगला सपाट केलेला होता. शिंपल्यांचा भुगा झाला होता. तोंगसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्यांना झोप लागली. घर कसं शांत शांत होतं, पेइफेनबाईंचं घोरणंही ऐकू येत नव्हतं. औषध लागू पडलं म्हणजे घरातली हवासुद्धा बदलते, असं त्यांच्या लक्षात आलं.

पाचव्या, सहाव्या दिवशीही तसंच. पोटभर झोपलेल्या माणसाला मग सदसद्विवेकबुद्धी सुचते. कोण नेत असेल बिचारा? फाटकाशी शू मास्तर भेटले आणि त्यांनी तोंगसाहेबांच्या देखत एक मोठी जांभई दिली. म्हणजे रोग मास्तरांनी नेला, असं तोंगसाहेबांनी ठरवून टाकलं. ते तडक बाजारात गेले आणि मास्तरांना दोन किलो लोकाटची पिवळी फळं नेऊन दिली.

“कशाबद्दल?” मास्तरांनी दारातूनच विचारलं.

“सहज. तब्येतीला जपा.”

“निवडणूक आहे का कसली?” मास्तरांनी लोकाट घेतले आणि दार लावून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन वस्ती समितीकडे तक्रार नोंदवली, की बावीस नंबरसमोर कुणी अडाणी मनुष्य रोज औषधाचा चोथा टाकतो, तपासणी तोंडावर आली आहे, पाटी जाईल.

समितीच्या निंग बाई तरुण आणि कामसू. त्यांनी तोंगसाहेबांना बोलावून घेतलं.

“काका, हे काम तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? तुम्ही शोधून काढा त्याला. आणि एक कडक नोटीस लावा.”

तोंगसाहेबांनी नोटीस लिहिली. हातचं राखणं त्यांच्या स्वभावात नाही. ‘सदर इसमाची ही कृती सुसंस्कृत नागरिकाला लाज आणणारी असून, अशी प्रवृत्ती समूळ उपटून काढण्यात येईल.’ चिकटवून झाल्यावर त्यांनी ती दोन पावलं मागे जाऊन वाचली आणि त्यांना अतिशय अपमान झाल्यासारखं वाटलं. माणसाची अडचण समजून न घेता प्रवृत्ती म्हणायचं म्हणजे काय?

“छान लिहिलंयस,” पेइफेनबाई म्हणाल्या. “कोण आहे हा नालायक?”

पुड्या संपल्या म्हणून ते पुन्हा यान वैद्यांकडे गेले. वैद्यांनी बोटं ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“झोप येतेय म्हणता, आणि नाडी तर कुत्रा मागे लागलेल्या सशासारखी पळतेय. कुणी तुमच्या पाळतीवर आहे का?”

“आहे.”

“कोण?”

“मीच.”

वैद्यांनी शिंपले दुप्पट केले. शिंपले दुप्पट म्हणजे चोथा दीडपट. तोंगसाहेब पहाटे चोथा टाकायचे, दिवसभर चोथा टाकणाऱ्याचा शोध घ्यायचे, सापडत नाही म्हणून समितीला लेखी कळवायचे आणि सापडेल या भीतीने कान दाबायचे. जेवताना पेइफेनबाईंचा डोळा लागत होता, एकदा तर त्यांच्या जेवायच्या काड्या मासा धरल्या धरल्या हवेतच राहिल्या. पण तोंगसाहेबांना त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड कुठे होती?

एकोणीस तारीख उजाडली. आज तरी टाकू नये हे त्यांना कळत होतं. पण साडेआठला पथक, आणि तोपर्यंत कुणीतरी तुडवून जाईल, आठला आपण झाडून घेऊ, असा हिशेब करून त्यांनी टाकलाच. आठला खराटा घेऊन उतरतात तो निंग बाई फाटकाशीच उभ्या. “काका, आधी आत चला. पथक यायच्या आत प्रकरण मिटवू. मी परवाच फाटकाजवळच्या पार्सलच्या कपाटावर कॅमेरा बसवून घेतलाय.”

तोंगसाहेबांनी कानटोपी आणखी खाली ओढली आणि ते मागोमाग निघाले.

समितीच्या खोलीत सगळे जमले होते. कू मावशी, शू मास्तर आणि मागच्या बाकावर मटारच्या शेंगा सोलत बसलेल्या पेइफेनबाई. भिंतीवरच्या टीव्हीत फाटकाच्या आतली वाट दिसत होती. पावणेपाच वाजले. एक कानटोपी घातलेली पाठ आली, तिने वाडगा पालथा केला आणि ती पाठ पळाली.

निंग बाईंनी चित्र थांबवलं. “टोपी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते,” कू मावशी म्हणाल्या आणि छताकडे पाहू लागल्या. मग सगळेच छताकडे पाहू लागले.

“चेहरा दिसत नाही,” शू मास्तर खाकरून म्हणाले. लोकाट त्यांना गोड लागले असावेत. “शास्त्रीयदृष्ट्या हा पुरावा कच्चा आहे. कुणीही असू शकेल.”

“पुढे बघू,” निंग बाई म्हणाल्या.

साडेपाच वाजले. पेइफेनबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिशवी कुंपणाला टेकवली आणि त्या चोथ्यावर उभ्या राहिल्या. मग माहेरी लोणच्यासाठी मोहरीचा पाला पिंपात घालून तुडवतात तशा तुडवू लागल्या. आधी उजवा पाय, मग डावा, मग कडेकडेने, एक सालपट राहू द्यायचं नाही अशा बेताने. चांगली पाच मिनिटं. मध्येच दमून त्यांनी कमरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

आता कुणीच छताकडे पाहत नव्हतं.

तोंगसाहेब उठले. “टोपी माझी आहे,” ते म्हणाले. कुणी दचकलं नाही. एरवी त्यांना याचं वाईट वाटलं असतं, पण ते मागच्या बाकाकडे वळले होते. “पेइफेन, हे काय?”

“काय म्हणजे?” बाई शेंगांतून मान वर न करता म्हणाल्या. “तीन दिवस बघितलं खिडकीतून. एक जण पाय लावेल तर शपथ. सगळे शहाणे. परक्यांना नको तर नको, आपला रोग आहे, आपण न्यावा.”

“पण ताई,” शू मास्तरांना राहवेना, “तुम्ही तुडवून परत घरीच जाणार. म्हणजे रोग आला ना फिरून घरात? तर्काला धरून नाही हे.”

“घरात आला तर येऊ दे. त्याच्या कुशीला नको, माझ्या कुशीला झोपेल.”

“आणि तू?” तोंगसाहेबांनी विचारलं. “तू हल्ली घोरत नाहीस.”

“जागं माणूस घोरतं का रे? लागत नाही झोप. मग काय बिघडलं? मला कुठे उद्या उठून झाकणं तपासायचीयत? तू झोपतोस ना गाढ. बघत बसते. बरं वाटतं.”

तोंगसाहेब दाराकडे वळले. मग ते जे निघाले ते खोलीबाहेर, पायऱ्या उतरून, थेट वाटेवर. सकाळचा चोथा तिथेच होता, सपाट. त्यांनी कानटोपी काढून फेकली आणि दोन्ही पायांनी तो तुडवायला लागले. कान बियांसकट लालभडक.

पेइफेनबाई शेंगा सांडत धावल्या. “अरे, काय करतोयस? उतर! उतर खाली!”

“माझा आहे. मला परत दे.”

“मी नेलाय तो! आता माझा झाला.”

“कुणाला विचारून नेलास?”

“विचारायचं काय त्यात? लग्नाला चौतीस वर्षं झाली, विचारून काय नेलंय मी? हो बाजूला!” असं म्हणून त्याही चोथ्यावर चढल्या. दोघं एकमेकांना कोपराने बाजूला सारत तुडवत होते. शिंपले कराकरा वाजत होते. तोंगसाहेबांचा पाय घसरला, बाईंनी त्यांना धरलं, आणि धरल्या धरल्याही त्या डाव्या पायाने तुडवतच राहिल्या. कू मावशी डोळ्यांना पदर नव्हता म्हणून लाल पट्टी लावत होत्या.

निंग बाई मात्र फाटकाकडे पाहत होत्या. पथक दहा मिनिटं लवकर आलं होतं. फायली छातीशी धरलेली तीन माणसं. पुढे केस पांढरे झालेल्या एक बाई. त्यांनी पायाखालचा चोथा पाहिला, भिंतीवरची कडक नोटीस पाहिली आणि हातात हात गुंतलेली ती दोन म्हातारी माणसं पाहिली.

“इमारतीचे प्रमुख कोण?”

तोंगसाहेबांनी ऐकलंच नाही. गेली सहा वर्षं ज्या पाटीसाठी त्यांनी जीव टाकला, ती त्यांच्या मनातून पुसून गेली होती. बायकोच्या डोळ्यांखाली काळं झालंय, हे ते पहिल्यांदाच नीट पाहत होते, आणि एवढी मोठी चूक आपल्या नजरेतून सुटली कशी, याची त्यांना विलक्षण लाज वाटत होती.

त्या बाईंनी फाईल मिटली. वाकून चोथ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, “झोपेचं दिसतंय. दुखणं कुणाचं?”

“माझं,” दोघंही एकदमच म्हणाले.